रंगीत पडदा, गाणारी पात्रं आणि दोन ते सहा वर्षांचा प्रेक्षक

दोन ते सहा वर्षांच्या मुलाला रंगीत, गाण्यांनी भरलेला अ‍ॅनिमेशनपट इतका का आवडतो? मानसशास्त्रज्ञ हा प्रश्न लक्ष आणि आकलनाच्या अंगाने विचारतात, बालरोगतज्ज्ञ आरोग्याच्या. चित्रपट काढणाऱ्याला त्यात प्रेक्षकवर्ग दिसतो, बालवाडीच्या ताईला शिकवण्याचं साधन. पालकांना मात्र तो रोज संध्याकाळी घरात सोडवावा लागतो. या मंडळींचं बोलणं बहुतेक वेळा आपापल्या वर्तुळात होतं. इथे ते एकत्र मांडून, चर्चा कुठवर आली आहे आणि कुठे अडली आहे हे पाहायचं आहे, आणि तेही वसई-विरार समोर ठेवून.

वसई-विरारच का, तर इथे या प्रश्नाचे सगळे पदर एकाच महापालिकेच्या हद्दीत सापडतात. २००९ साली स्थापन झालेल्या या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर होती आणि त्यानंतर नालासोपारा, विरार, नायगाव पूर्वेला इमारतींची भर पडतच राहिली. पश्चिम पट्ट्यात निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या बाजूच्या गावांतून सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी आणि कोळी बोली ऐकू येतात. पूर्वेच्या चाळी-इमारतींत कोकणातली, घाटावरची, गुजरात-राजस्थानची आणि उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं शेजारीशेजारी राहतात. आई-वडील दोघंही विरार लोकलने मुंबईला जात असतील तर मूल दिवसभर आजीकडे, शेजारणीकडे किंवा पाळणाघरात असतं. आजी कादोडीत बोलते, शेजारीण भोजपुरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि पडद्यावरची पात्रं हिंदीत गातात. मुलाला काय आवडतं याबरोबरच ते कुठल्या भाषेत आवडतं हाही प्रश्न इथे आपोआप उभा राहतो.

फाळक्यांच्या काड्यापेटीपासून

भारतातल्या अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या प्रयोगांत दादासाहेब फाळके यांचं नाव येतं. 'आगकाड्यांची मौज' या १९१५ च्या सुमाराच्या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट टिपत हलवल्या होत्या. १९३४ मध्ये 'प्रभात'ने 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट काढला. त्यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेत डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला आणि पूर्ण लांबीच्या, रंगीत, गाण्यांवर चालणाऱ्या बालपटाचा घाट ठरून गेला. पात्राच्या मनात काय आहे ते गाण्यातून कळतं, संकटाच्या आधी एक हलकंफुलकं गाणं येतं, प्राणी आणि वस्तू त्यात सामील होतात. 'फ्रोझन' (२०१३) आणि 'मोआना' (२०१६) पाहिले तरी तोच घाट ओळखू येतो.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले. याच संस्थेतून १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' हा छोटा गाणारा अ‍ॅनिमेशनपट बाहेर पडला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रांकन भीमसेन यांचं, संगीत सावंतवाडीकडच्या वसंत देसाई यांचं, आणि त्यातला कोवळा आवाज दाभोळच्या साधना सरगम यांचा. जेमतेम सात मिनिटांचा हा लघुपट दूरदर्शनने इतक्या वेळा दाखवला की आज पन्नाशीकडे झुकलेल्या पिढीला तो चालीसकट पाठ आहे. १९९३ पासून दूरदर्शनवर लागलेल्या जपानी 'जंगल बुक'चंही तसंच झालं. मोगलीच्या एकेका भागातली गोष्ट आज फार थोड्यांना आठवेल. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं शीर्षकगीत मात्र आजच्या तरुण पालकांना अजून म्हणता येतं.

मोठ्या पडद्यावर पुढची पायरी २००५ ची. व्ही. जी. सामंत यांच्या 'हनुमान'ने देशी अ‍ॅनिमेशनपट थिएटरात चालू शकतो हे दाखवलं. त्यामागून २००७ मध्ये 'बाल गणेश' आला, २००८ पासून दूरचित्रवाणीवर 'छोटा भीम' आला. २००८ चाच 'रोडसाइड रोमिओ' यशराज आणि डिस्ने अशा दोन बड्या घरांचा होता, तरी मुलांच्या बोलण्यात तो टिकला नाही. राम मोहन आणि युगो साको यांची १९९२ ची भारत-जपान 'रामायण' जानेवारी २०२५ मध्ये नव्या डबिंगसह इथल्या चित्रगृहांत आली. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या 'महावतार नरसिंह'ने जगभरात तीनशे कोटींवर गल्ला जमवला. अ‍ॅनिमेशन म्हणजे सुट्टीतला एखादा खेळ, हा वितरकांचा हिशेब त्या एका चित्रपटाने बदलला.

या यादीतला एक चित्रपट मला थोडा वेळ थांबून सांगावासा वाटतो. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी 'गोपी गवैया बाघा बजैया' केला. गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरींची: बेसूर गाणारा एक, बेताल वाजवणारा दुसरा, आणि भुतांच्या वरामुळे दोघांनाही मिळालेली जादू. पात्रांची रेखाटनं चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या धाटणीची आहेत; अंग सपाट, सांधे दिसणारे, नाक-डोळे एका बाजूने काढलेले. रंग भरपूर आहेत, पण प्लास्टिकच्या खेळण्यांचे नाहीत, मातीचे आणि कापडाचे आहेत. गाणं इथे अधूनमधून पेरलेलं नाही, गोष्टच गाण्यावर उभी आहे. २०१३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट सर्वसाधारण प्रेक्षकांसमोर यायला २०१९ उजाडलं. १९५५ साली स्थापन झालेली ती सोसायटी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

हा इतिहास सलग वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. फाळके, मुळे, देसाई, सरगम, सामंत, रानडे अशी मराठी नावं या वाटेवर जागोजागी आहेत, पण बोलपट आल्यानंतर त्यांनी मुलांसाठी जे गाजवलं ते बहुतेक हिंदीत. मराठीत २०१८ मध्ये 'प्रभो शिवाजी राजा' हा अ‍ॅनिमेशनपट आला. त्याचा विषय आणि लढाया पाहता तो जरा मोठ्या मुलांचा. तीन-चार वर्षांच्या मुलाने गुणगुणत थिएटरबाहेर यावं असा गाणारा मराठी अ‍ॅनिमेशनपट घराघरात पोहोचलेला नाही.

मराठीत मुलांसाठी गाणी कमी होती म्हणून हे झालं असंही नाही. १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं गदिमा, पु. ल. आणि आशा भोसले यांचं 'नाच रे मोरा' आजही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात नाचलं जातं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'तर्फे रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं तेव्हापासून मराठी बालनाट्याने रंग, राक्षस, चेटकिणी आणि गाणी यांचा मेळ जमवला. मतकरींचं 'अलबत्त्या गलबत्त्या' २०१८ मध्ये नव्याने आलं तेव्हा मुलांनी नाट्यगृहं भरली. मराठीकडे गाणी, गोष्टी आणि प्रेक्षक तिन्ही होते. ते पडद्यावर मात्र एकत्र आले नाहीत.

मूल कशाला भुलतं

इथून चर्चेच्या गाभ्याकडे येऊ. सर्वांत जुनं उत्तर रंगाचं आहे. नवजात बाळाला ठळक काळं-पांढरं आधी कळतं, चारेक महिन्यांत रंगांची जाण बरीच पक्की होते, आणि भडक, शुद्ध रंगांकडे त्याची नजर लवकर वळते. त्याला जोड चेहऱ्याची. मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल पाहिले की माणसाच्या मनात माया उमटते, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. मिकी माऊसचा चेहरा वर्षागणिक अधिकाधिक बालिश होत गेला, हे पुढे स्टीफन जे गूल्ड यांनी दाखवून दिलं. अ‍ॅनिमेशनमधली बहुतेक पात्रं आजही याच मापात काढली जातात.

पण रंग नजर वळवतो; ती टिकवतो का, यावर मतभेद आहेत. आपल्याच पालघर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वारली चित्रात रंग जवळपास नाहीच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, त्रिकोणांची माणसं आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाचाचा वेढा. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वेढ्यासमोर लहान मूल उभं केलं तर ते बोट ठेवून नाचणारी माणसं मोजू लागतं, त्यांच्यासारखे हात गुंफू पाहतं. तिथे त्याला धरून ठेवणारी गोष्ट गती आहे, रंग नव्हे. रंगाला सर्वस्व मानणाऱ्यांनी या भिंतींचाही विचार करायला हवा.

दुसरं उत्तर गाण्याचं, आणि पुरावा इथे अधिक भक्कम आहे. माँट्रियलमध्ये मारीएव्ह कोर्बेय आणि इझाबेल पेरेट्झ यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात ते दहा महिन्यांच्या बाळांना गाणं आणि बोलणं ऐकवलं. गाणं ऐकणारी बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली, बोलणं ऐकणारी त्याच्या निम्म्याच्या आसपास. यातला महत्त्वाचा भाग असा की गाणी तुर्की भाषेत होती, आणि ती भाषा त्या घरांतून बोललीच जात नव्हती. सूर आणि ताल यांनाच बाळाला धरून ठेवण्याचं बळ आहे, असा याचा सरळ अर्थ. नालासोपाऱ्यातलं मराठी मूल न कळणारं इंग्रजी गाणं डोलत ऐकतं, ते याच बळावर.

तिसरं उत्तर पुन्हापुन्हा पाहण्याचं. तोच चित्रपट, तेच गाणं, रोज. मोठ्यांना याचा वीट येतो. १९९९ मध्ये 'ब्लूज क्लूज' या अमेरिकी मालिकेवर झालेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच भाग पाच दिवस दाखवला गेला. दर दिवशी त्यांना गोष्ट अधिक कळत गेली आणि पडद्याकडे पाहून मोठ्याने उत्तरं देणं, इशारे करणं वाढत गेलं. पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा आनंद मुलाला नवलाईपेक्षा मोठा असतो. गाणं तर पुनरावृत्तीसाठीच घडलेलं असतं. ध्रुवपद परत येतं, मूल त्याची वाट पाहतं, आणि आलं की आपणही त्यात सामील होतं.

चौथं उत्तर पहिल्या तिन्हींना छेद देतं. डॅनियल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये 'सेसमी स्ट्रीट'चे तुकडे बदलून दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दाखवले. काहींत बोलणं ग्रीक भाषेत घातलं, काहींत उलटं वाजवलं, काहींत दृश्यांचा क्रम मोडला. चित्र तितकंच रंगीत, पात्रं तीच. तरीही मुलांची नजर पडद्यावरून ढळली. मूल चकाकीला भुलून नुसतं बसून राहतं हा समज त्यामुळे डळमळीत झाला. मूल पाहतं ते समजण्यासाठी. समजेनासं झालं की ते खेळण्याकडे वळतं.

तुर्की गाणं आणि ग्रीक 'सेसमी स्ट्रीट' हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की या चर्चेची खरी गाठ दिसते. सूर परक्या भाषेतही मुलाला धरतो. गोष्ट मात्र परक्या भाषेत हातातून निसटते. वयाचा फरक इथे आहेच, एकीकडे बाळं आणि दुसरीकडे चालती-बोलती मुलं. पण गाणारा अ‍ॅनिमेशनपट या दोन्हींची सरमिसळ असल्यामुळे तो परक्या भाषेत पाहणाऱ्या मुलाच्या हाती निम्मा लागतो. ते गाणी उचलतं, संवादांच्या वेळी उठून जातं, पुढचं गाणं लागलं की धावत परत येतं. वसई-विरारमधल्या अनेक पालकांना हे ओळखीचं वाटेल. याला मुलाची चंचलता म्हणावं की भाषेची अडचण, हे ठरवताना १९८१ चा तो प्रयोग हाताशी ठेवावा.

आक्षेप आणि त्यांची व्याप्ती

बालरोगतज्ज्ञांची भूमिका स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी तेवढं चांगलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची, २०२१ ची मार्गदर्शक सूत्रं याच वळणाची आहेत: दोन वर्षांखाली नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून काही नको, पाच वर्षांपर्यंत तासाची मर्यादा. यामागे झोप, हालचाल, डोळे आणि बोलण्याचा विकास यांची काळजी आहे.

मजकुरावरचा आक्षेप वेगळा. अँजलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांवर प्रयोग केला. नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलेल्या मुलांची लगेच घेतलेल्या कामांत एकाग्रता आणि संयम कमी पडला. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून खूप फिरला. त्याला उत्तरही आलं: मुलं थोडी, परिणाम तात्कालिक, आणि दोष वेगाचा की अशक्य घटनांचा हे स्पष्ट नाही. पुढे २०१५ मध्ये लिलार्ड यांच्याच गटाला वेगापेक्षा अद्भुत, निसर्गनियम मोडणाऱ्या घटनांचा वाटा जास्त दिसला. यातून एक पेच उभा राहतो. बोलणारे प्राणी, उडणारे गालिचे, गाणारी भांडी ही तर बालकथेची जुनी मिरास. ती काढून टाकली तर मग पंचतंत्राचं काय करायचं?

बाळांसाठी 'शैक्षणिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रफितींबद्दल मात्र फारसं दुमत उरलेलं नाही. ज्युडी डेलोच यांच्या २०१० च्या अभ्यासात वर्ष-दीड वर्षाची मुलं महिनाभर अशी चित्रफीत पाहूनही न पाहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत; सर्वांत जास्त शब्द शिकली ती आई-वडिलांनी रोजच्या व्यवहारात शिकवलेली मुलं. 'बेबी आइनस्टाइन'च्या डीव्हीडींचे पैसे परत देण्याची तयारी डिस्नेने २००९ मध्ये दाखवली होती.

भीती हा आणखी एक मुद्दा. 'स्नो व्हाइट'मधल्या चेटकिणीपायी १९३८ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला मुलांसाठी सरसकट खुलं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनी यूए गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले. पौराणिक अ‍ॅनिमेशनपटांना यामुळे नेमका प्रश्न पडतो. हिरण्यकश्यपूची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकताना मूल स्वतःला पेलेल इतकंच चित्र मनात रंगवतं. पडद्यावरचा नरसिंह त्याच्यासाठी कुणी आवरता घेत नाही. भक्तिपर गोष्टी लहानपणीच कानावर पडाव्यात असं मानणारे पालक आणि हे दृश्य चार वर्षांच्या मुलाला नको म्हणणारे पालक, दोघांचीही काळजी खरी आहे.

या सगळ्या आक्षेपांत एक भेद नीट जपला जात नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. दीड-दोन तासांचा चित्रपट आणि फोनवर एकामागून एक आपोआप लागत जाणारी गाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटाला शेवट असतो. दिवे लागतात, मूल घरी येतं, चादर पांघरून राजा होतं, तीच गोष्ट स्वतः खेळतं. फोनवरच्या मालिकेला शेवट नसल्यामुळे थांबवण्याचं काम दमलेल्या आजीवर येतं. संशोधनातला 'पडद्याचा वेळ' हा शब्द या दोन्हींना एकाच मापाने मोजतो.

कोसबाडची भूमिका

या वादात आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि ते पडद्याच्या कितीतरी आधीचं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने पाड्यावर मुलाच्या अंगणात जावं, या विचारातून अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. वारली मुलांसोबत काम करताना गाणी, गोष्टी, बडबडगीतं, अभिनयगीतं यांना त्यांनी रोजच्या दिवसात जागा दिली. मणी, बिया, पानं, शंख-शिंपले हेच शिकण्याचं सामान.

या परंपरेची भूमिका थोडक्यात सांगायची तर गाणं ही मुलाने करायची गोष्ट आहे. हात वर, हात खाली, बेडूकउडी, गोल फेर. शब्द अंगातून जातो तेव्हा तो मुलाचा होतो. पडद्यावरचं गाणं कितीही सुंदर असलं तरी तिथे करणारं पात्र असतं आणि मूल पाहणारं. याला अ‍ॅनिमेशनच्या बाजूने उत्तर असं दिलं जातं की मुलं पडद्यासमोरही नाचतात, 'ब्लूज क्लूज'च्या मुलांसारखी उत्तरं देतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि दोन्हींना जोडणारी बाब म्हणजे मुलाभोवतीची मोकळी जागा आणि सोबतचं माणूस. थिएटरच्या खुर्चीत आणि लोकलच्या गर्दीत हातातल्या फोनवर नाचता येत नाही. घराच्या पडवीत, बालवाडीच्या खोलीत येतं. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वयासाठी खेळ, गाणी, खेळणी आणि घरची भाषा यांवर भर आहे. कोसबाडला हे सत्तर वर्षांपूर्वी ठाऊक होतं याचा पालघरकर म्हणून अभिमान वाटतो.

गाणं कुणाच्या भाषेत

आता भाषेकडे. २०१९ चा 'द लायन किंग' भारतात इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. हिंदी टिमॉनचा आवाज श्रेयस तळपदे यांचा. मराठी अभिनेत्याने मुंबईच्या लकबीत तो असा उभा केला की मुलांनी तो डोक्यावर घेतला. मराठी टिमॉन झाला नाही. मोठ्या परदेशी अ‍ॅनिमेशनपटाचं मराठी डबिंग अशक्य नाही हे २०२३ मध्ये दिसलं, कारण 'स्पायडरमॅन'चा त्या वर्षीचा अ‍ॅनिमेशनपट दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. पण तो मोठ्या मुलांचा, आणि गाणारा नव्हे. गाण्याचं डबिंग अवघड असतं. पात्राच्या ओठांची उघडझाप, चालीची लांबी आणि शब्दाचा जोर तिन्ही जुळावे लागतात. मराठीत जोडाक्षरं बरीच, शब्दांची लांबी निराळी. चांगला गीतकार लागतो. गदिमांच्या भाषेला असे गीतकार मिळणार नाहीत असं मानायला मी तयार नाही.

न्यूझीलंडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. माओरी बोलणाऱ्यांची संख्या मराठीपुढे अगदी छोटी. तरी २०१७ मध्ये 'मोआना' माओरीत गायली गेली आणि तिथल्या चित्रगृहांत मोफत दाखवली गेली. २०२२ मध्ये 'द लायन किंग' आणि 'फ्रोझन'ही माओरीत झाले. भाषा जगवणाऱ्यांनी मुलांच्या गाण्याला अग्रक्रम दिला.

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी या मुद्द्यावर २०२५ मध्ये मोठा वाद झाला आणि शासनाने जूनअखेर आपले आदेश मागे घेतले. त्या वादात दोन्हीकडून शाळेबद्दल बोललं गेलं. तीन वर्षांचं मूल शाळेच्या कितीतरी आधी हिंदी शिकतं ते कार्टूनमधून, गाण्यांतून, आणि आवडीने. काही पालकांना ही शिडी वाटते: नालासोपाऱ्याच्या जिन्यात खेळताना, पुढे नोकरीत ही भाषा लागणारच. काहींना ती घरच्या बोलीवरची धाड वाटते. कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या घरांत तर प्रश्न दुहेरी आहे, कारण तिथे प्रमाण मराठी हीदेखील दुसरी भाषा. तरी एक गोष्ट वसईच्या बाजूने आहे. इथल्या चर्चमध्ये उपासना आणि नाताळची गाणी मराठीत होतात, मुलं ती समूहात, तालावर, अंग हलवत म्हणतात. पडद्याविना मराठी गाणं मुलांच्या तोंडी ठेवणारी ही जिवंत व्यवस्था आहे, आणि भाषेच्या चर्चेत तिची नोंद फार कमी घेतली जाते.

जे अजून ठरलेलं नाही

काही गोष्टींवर आता बऱ्यापैकी एकमत आहे: दोन वर्षांखालील बाळाला चित्रपटाची गरज नाही, पुन्हापुन्हा पाहणं हा दोष नाही, सोबत बसून पाहणारं माणूस परिणाम बदलतं. न सुटलेले मुद्दे मात्र मोठे आहेत. परक्या भाषेतलं गाणं तोंडपाठ झाल्याने ती भाषा मुलाला किती येते, आणि घरच्या भाषेतून त्यासाठी काय वजा होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अद्भुताचा तात्कालिक परिणाम दीर्घकाळ टिकतो का, हाही वाद चालूच आहे. 'महावतार नरसिंह'च्या यशानंतर पैसा पौराणिक भव्यतेकडे वळणार हे उघड आहे. मग 'गोपी गवैया'सारख्या हलक्या, हातमागाच्या रंगांच्या चित्रपटांना आधार कोण देणार? चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी वेगळी संस्था म्हणून उरलेली नाही, आणि महाराष्ट्र शासनाच्या मराठी चित्रपटविषयक धोरणांत बालवाडीच्या वयाचा प्रेक्षक वेगळा मोजला जात नाही.

माझं मत असं की वसई-विरारमध्ये पहिलं पाऊल मोठ्या निधीशिवायही पडू शकतं. डिसेंबरअखेर वसईत कला-क्रीडा महोत्सव भरतो आणि तालुकाभरातली मुलं तिथे येतात. त्यातली एक सकाळ बालवाडीच्या मुलांसाठी राखावी. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे 'गोपी गवैया बाघा बजैया'साठी परवानगी मागावी. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे निवेदक असत. तशी एखादी बालवाडीताई उभी करून संवादांचा आशय मराठीत, जमल्यास कादोडी आणि वाडवळीतही, सांगावा. पडद्यासमोरची जागा खुर्च्यांविना मोकळी ठेवावी, म्हणजे गाणी लागली की मुलांना नाचता येईल. आयोजकांनी आणि इथल्या बालवाड्यांनी येत्या डिसेंबरसाठी याचा विचार करावा, ही विनंती.